चाक मोठे केले, पुढे काय?

महामार्गावर किंवा शहरात कधीतरी एखादी वेगळीच जीप किंवा पिकअप दिसते. चाके नेहमीपेक्षा खूप मोठी, टायरवर खोल खाचा आणि सगळी गाडी जमिनीपासून वीतभर जास्त उचललेली. मुले अशा गाडीकडे वळून वळून पाहतात आणि मग विचारतात, "एवढी मोठी चाके कशासाठी? ही गाडी कुठेही जाऊ शकते का?"

प्रश्न चांगले आहेत. तरफ, दाब, घर्षण, गुरुत्वमध्य हे विषय आपण वेगवेगळ्या धड्यांतून, कधी वेगवेगळ्या इयत्तांतून शिकवतो. या गाडीत मात्र ते एकत्र आलेले असतात, आणि एकमेकांत गुंतलेलेही असतात. एके ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणी बदल मागतो. हा हिशेब अर्धवट सोडला, तर गाडी मोडते किंवा उलटते. या लेखात आम्ही एक विशिष्ट गाडी घेऊन हा हिशेब शेवटपर्यंत करून पाहणार आहोत.

गाडी कोणती, वाट कोणती?

टोयोटा कंपनीची जी छोटी पिकअप जगात इतरत्र हायलक्स या नावाने ओळखली जाते, ती अमेरिकेत नुसती 'पिकअप' म्हणून विकली जात असे. १९७९ ते १९८५ या काळातले, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारे तिचे मॉडेल खडकाळ वाटांवर गाडी चालवणाऱ्या हौशी लोकांत आजही आवडते आहे. गाडी चाळीस वर्षांहून जुनी, तरी लोक ती शोधून घेतात आणि घरच्या घरी किंवा लहान गॅरेजमध्ये तिच्यात बदल करतात.

ती जाते कुठे? एक प्रसिद्ध वाट म्हणजे कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातला रुबिकॉन ट्रेल. लांबी साधारण ३५ किलोमीटर. वाट कसली, ग्रॅनाइटचे उघडे कातळ आणि त्यांवर पडलेले मोठमोठे धोंडे. काही जागी गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू न्यावी लागते. अशा ठिकाणी इंजिनाच्या वेगाचा काहीच उपयोग नसतो. धोंड्यावर पोट न टेकता चढणे, चारही चाके जमिनीला लागलेली ठेवणे आणि अगदी हळू पण न थांबता सरकत राहणे, एवढ्या तीन गोष्टी जमायला हव्यात.

उंची कशी वाढते?

या पिकअपची मूळ चाके सुमारे २८ इंच व्यासाची. बदल करणारे अनेकदा ३५ इंचांची बसवतात. आपण हेच आकडे घेऊन चालू.

गाडी उचलायची तर जाड वा जास्त कमानदार पाटे घालून सांगाडा वर उचलता येईल, मग चाक का बदलायचे, असे कुणालाही वाटेल. पण गाडीखाली नीट पाहिले, तर सर्वांत खाली असतो तो ॲक्सलच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा फुगीर गोळा. तो ॲक्सलला जोडलेला आहे. पाटे कितीही उंच केले, तरी ॲक्सल चाकाच्या केंद्रापाशीच राहणार, म्हणजे जमिनीपासून चाकाच्या त्रिज्येइतक्या उंचीवर. म्हणून गोळा वर न्यायचा तर त्रिज्या वाढवणे हा साधा मार्ग उरतो. १४ इंचांची त्रिज्या १७.५ इंच झाली की गोळा साडेतीन इंच वर जातो. पाटे उंच करायचे ते मुख्यतः हे मोठे चाक मडगार्डला घासू नये म्हणून.

मोठ्या चाकाचा आणखी एक फायदा आहे. तेवढ्याच उंचीचा धोंडा मोठ्या चाकाला सोपा जातो, कारण चाक त्याला कमी चढाच्या कोनात भिडते. आपल्या बैलगाडीचे चाक माणसाच्या छातीपर्यंत का येते, याचे एक उत्तर यातच आहे.

मोठे चाक म्हणजे लांब तरफ

आता पहिली किंमत पाहू. इंजिन ॲक्सलला पीळ देते. या पिळाला आपण आघूर्ण म्हणतो. चाक जमिनीला मागे ढकलते आणि गाडी पुढे जाते. हे ढकलण्याचे बल म्हणजे आघूर्ण भागिले चाकाची त्रिज्या. त्रिज्या सव्वापट झाली (३५ ÷ २८ = १.२५), तर तेवढ्याच पिळाला जमिनीवरचे बल सव्वापटीने कमी होणार, म्हणजे आधीच्या ८० टक्केच उरणार. इथे तरफेचा लांब दांडा आपल्या बाजूला नाही, भाराच्या बाजूला आहे.

ब्रेकचेही तसेच. ब्रेक चाकाच्या मध्याजवळ धरतो, त्याची त्रिज्या बदललेली नाही. पायाने तेवढेच दाबले, तर गाडी थांबवणारे बलसुद्धा ८० टक्क्यांवर येते. शिवाय मोठे चाक जड असते आणि त्याचे वजन मध्यापासून लांब असते, म्हणून ते फिरते करायला आणि थांबवायला जास्त कष्ट पडतात.

गेलेला जोर परत मिळवायचा तर गिअर बदलावे लागतात. या गाडीत इंजिनाचा वेग तीन ठिकाणी कमी होतो, आणि तितक्याच पटीने पीळ वाढतो. गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.९५ पट, त्यामागच्या ट्रान्स्फर केसचा हळू गिअर २.२८ पट आणि ॲक्सलमधले गिअर अनेक गाड्यांत ४.१० पट. तिन्हींचा गुणाकार:

३.९५ × २.२८ × ४.१० = सुमारे ३७

म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक. चाक सव्वापट झाल्यावर आधीचाच जोर हवा असेल, तर ॲक्सलचा गिअर सव्वापट हवा: ४.१० × १.२५ = ५.१२५. बाजारात मिळणारा जवळचा गिअर ५.२९. म्हणूनच ३५ इंची चाके बसवणारे बरेच जण ५.२९ चे गिअर घालतात. हा आकडा त्यांच्यात पाठ असतो, पण तो आला कुठून ते आता आपल्याला माहीत आहे.

याचा एक जोडफायदा पाहा. स्पीडोमीटर चाकाचा वेग थेट मोजत नाही. तो ट्रान्स्फर केसमधून बाहेर पडणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो. नुसते चाक मोठे केले तर काटा ४० दाखवील तेव्हा गाडी ५० ने धावत असेल. ॲक्सलचे गिअर बदलले की काटा पुन्हा जवळजवळ खरे बोलू लागतो.

एवढ्याने आपण फक्त मूळ जागी परत आलो. खडकांवर याहूनही हळू जाता यायला हवे. इंजिन जोरात फिरवले तर मूळ गाडीतही चाक घसरण्याइतका जोर असतो, पण धोंड्यावर तसे करून चालत नाही. इंजिन अगदी सावकाश फिरत असताना पुरेसा जोर हवा. त्यासाठी ट्रान्स्फर केसमध्ये २.२८ ऐवजी ४.७० पटीचे गिअर बसवतात:

३.९५ × ४.७० × ५.२९ = सुमारे ९८

काही जण दुसऱ्या जुन्या ट्रान्स्फर केसचा वेग कमी करणारा भाग काढून तो पहिल्याच्या पुढे जोडतात. मग २.२८ × २.२८ म्हणजे ५.२ पट मिळते.

वेगाचा हिशेब मुलांना करायला द्यावा. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर मूळ गाडी पहिल्या हळू गिअरमध्ये ताशी २.९ किलोमीटर जाईल. बदललेली गाडी ताशी १.४ किलोमीटर. वेग निम्म्याहून कमी झाला आणि जमिनीवरचे बल त्याच प्रमाणात वाढले. इंजिनाची शक्ती मात्र होती तेवढीच आहे. गिअरने ती वाढत नाही, फक्त बल आणि वेग यांची वाटणी बदलते. सायकलला गिअर असेल तर हेच घाटात पायाला कळते.

तीस पौंड आणि बारा पौंड

या वाटेवर शिरण्याआधी चालक चाकांतली हवा कमी करतात. ३० पौंडांची हवा १२ पौंडांपर्यंत आणतात. पंक्चरवाल्याकडे आपण 'पौंड' म्हणतो, तो म्हणजे दर चौरस इंचावर तितके पौंड दाब. ३० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो.

समजा, सामानासह गाडीचे वजन १६०० किलो आहे, म्हणजे एका चाकावर ४०० किलो. हा भार आतल्या हवेने पेलायचा तर जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ ४०० ÷ २.१ म्हणजे सुमारे १९० चौरस सेंटिमीटर हवे. १२ पौंडांना तेच ४७० हून जास्त होते. प्रत्यक्षात टायरच्या बाजूंचे ताठ रबरही थोडा भार घेते, म्हणून क्षेत्रफळ याहून काहीसे कमी भरते. पण दिशा तीच. टायर जास्त लांब पसरतो, मऊ होऊन धोंड्याचा आकार घेतो आणि मातीवर कमी दाब देतो. लोखंडी धावेची बैलगाडी चिखलात रुतते आणि टायरगाडी निघून जाते, ते याच कारणाने. आइसलंडमध्ये हिमनदीवर गाड्या नेणारे लोक खूप मोठ्या टायरांत फक्त दोन-तीन पौंड हवा ठेवून भुसभुशीत बर्फावरून जातात.

याचीही किंमत आहे. हवा कमी असली की टायर रिमवरून निसटू शकतो. म्हणून काही जण रिमला बाहेरून बोल्टांची कडी बसवून टायरची कडा आवळून टाकतात. आणि डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी लागते. कमी हवेचा टायर वेगात सतत दबतो आणि सुटतो, त्यात उष्णता निर्माण होऊन तो फुटू शकतो.

हा प्रयोग शाळेत करता येतो. स्टँडवरच्या सायकलच्या मागच्या टायरला खालच्या बाजूला शाई लावा. खाली आलेखाचा कागद ठेवून सायकल स्टँडवरून उतरवा आणि एका मुलाला सीटवर बसवा. उमटलेल्या ठशाचे चौरस मोजा. थोडी हवा सोडून पुन्हा ठसा घ्या. दोन्ही ठसे शेजारी ठेवले की दाबाची व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधीच मुले सांगू लागतात.

अधांतरी चाक

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात. वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर जाते, आतले कमी. मोटारीत चाकांना इंजिनाने फिरवायचे असते, म्हणून ती अशी मोकळी सोडता येत नाहीत. दोन चाकांत १.४ मीटर अंतर असेल, तर अर्धे वर्तुळ वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा १.४ × ३.१४, म्हणजे सुमारे ४.४ मीटर जास्त जाते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. (का, ते मुलांना शोधू द्यावे.) हा फरक डिफरन्शियलमधले गिअर सांभाळतात. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देऊन ते दोन्हींना सारखाच पीळ देतात.

हा 'सारखाच पीळ' खडकावर घात करतो. एक चाक हवेत गेले, तर त्याला फिरवायला जवळजवळ काहीच पीळ लागत नाही. मग जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य पीळ मिळतो. हवेतले चाक गरगरते आणि गाडी जागेवरच राहते. उपाय म्हणजे गरजेपुरते दोन्ही चाके एकत्र बांधून टाकणे. या पिकअपमध्ये हवेच्या दाबाने किंवा यांत्रिक खटक्याने चालणारे 'लॉकर' बसवतात. कमी खर्चात भागवणारे मागचे डिफरन्शियल चक्क वेल्डिंग करून टाकतात. मग ते कधीच सुटत नाही, प्रत्येक वळणावर टायर फरफटतो आणि झिजतो.

आपल्या मुलांना हे समजायला कॅलिफोर्नियाला जायला नको. शेतातल्या ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचा दांडा असतो. एक चाक चिखलात गरगरू लागले की चालक तो दाबतो आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. कडक जमिनीवर वळताना तो दाबू नये, असे जाणते चालक सांगतात. त्याचे कारण वरच्या ४.४ मीटरमध्ये आहे.

पाटे आणि अखंड ॲक्सल

चाक अधांतरी होऊच नये, हे आणखी चांगले. इथे १९८५ पर्यंतच्या गाडीचा गुण दिसतो. तिची पुढची दोन चाके एका अखंड ॲक्सलला आहेत. एक चाक धोंड्यावर चढले की ॲक्सल तिरपा होतो आणि दुसरे चाक खाली दाबले जाते. चढणाऱ्या चाकाबरोबर मधला गोळाही वर उचलला जातो. १९८६ च्या मॉडेलपासून पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होणारी झाली. रस्त्यावर ती आरामाची, पण खडकावर त्यांना तेवढी हालचाल नसते.

ॲक्सल मोकळा तिरपा व्हायचा तर पाटे लवचीक हवेत. इथे लांबीचा प्रभाव फार मोठा आहे. टेबलाच्या कडेबाहेर पट्टी १० सेंटिमीटर काढून टोकाला एक वजन टांगा, मग २० सेंटिमीटर काढून तेच वजन टांगा. वाक दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होतो. म्हणून बदल करणारे पुढचे आखूड, ताठ पाटे काढून लांब पाटे बसवतात.

मोडायचे कुठे?

गिअरने वाढवलेला पीळ इंजिनापासून चाकापर्यंत एका साखळीतून जातो आणि साखळी सर्वांत अशक्त कडीपाशी तुटते. या पिकअपच्या पुढच्या ॲक्सलमध्ये चाक वळलेले असतानाही पीळ पोहोचवणारा गोळ्यांचा एक सांधा आहे. मूळ चाकांना तो पुरतो. मोठे टायर, जास्त पकड, बांधलेले डिफरन्शियल आणि पूर्ण वळवलेले स्टिअरिंग एकत्र आले की तो फुटतो. पूर्वी चाक घसरायचे आणि जास्तीचा पीळ तिथेच संपायचा, विजेच्या फ्यूजसारखा. पकड वाढवून आपण तो फ्यूजच जाड केला. म्हणून पुढे हा सांधाही अधिक कणखर पोलादाचा घालावा लागतो.

पाण्यातून जाताना तर वायूंचे नियमही भेटतात. चालून तापलेला डिफरन्शियलचा गोळा थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. म्हणून त्याच्या श्वासनळीला रबरी नळी जोडून ती वर उंचावर नेतात. इंजिनाच्या हवा घेणाऱ्या तोंडाचेही तसेच. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले तर पिस्टनचा दांडा वाकतो.

उंचीची सर्वांत मोठी किंमत

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा हिशेब. समजा, मूळ गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे आणि चाकांमधले अंतर १४० सेंटिमीटर. गाडी आडव्या उतारावर उभी असेल, तर गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा खालच्या चाकाच्या बाहेर पडताच ती उलटेल. ७० ÷ ६५ = १.०८, म्हणजे कोन सुमारे ४७ अंश. चाके आणि पाटे मिळून गुरुत्वमध्य ८२ सेंटिमीटरवर गेला, तर ७० ÷ ८२ = ०.८५, आणि कोन सुमारे ४० अंश.

सात अंशांत काय बिघडले, असे वाटेल. पण हेच गुणोत्तर रस्त्यावरही लागू होते. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक साधारण ०.८ असतो. मूळ गाडी वेगात एकदम वळवली, तर १.०८ च्या आधीच ०.८ ला टायर घसरतो. गाडी सरकते, पण चाकांवर राहते. बदललेल्या गाडीत ०.८ आणि ०.८५ यांत फारसे अंतर उरले नाही. त्यात मऊ पाट्यांवर गाडी बाहेर कलते, टपावर सामान असते, आणि ती घसरण्याऐवजी उलटते. जी गाडी खडकावर ताशी दीड किलोमीटरने जायला केली, ती महामार्गावर ताशी ८० ने जास्त धोक्याची होते. यावर उतारा म्हणून जाणकार गाडी गरजेपेक्षा उंच करत नाहीत, जड वस्तू खाली बांधतात आणि चाके थोडी बाहेर काढतात. चाकांमधले अंतर १५५ सेंटिमीटर केले तर कोन पुन्हा ४३ अंशांपर्यंत येतो.

वर्गात यासाठी एक फळी, कोनमापक आणि खेळण्यातला ट्रक पुरतो. चाके घसरू नयेत म्हणून फळीवर पॉलिशपेपर लावा. ट्रक आडवा ठेवून फळी हळूहळू उचला आणि उलटण्याचा कोन मोजा. मग ट्रकवर काड्यापेटी आणि तिच्यावर नाणी चिकटवून पुन्हा मोजा. टपावर माणसे बसवलेली जीप मुलांनी पाहिलेली असते. तिचा विषय आपोआप निघतो, तो जरूर पुढे न्यावा.

आपल्याकडे कायद्यानेही याची दखल घेतली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असे बदल वाहनात करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. चाक, ब्रेक, गिअर आणि तोल यांचा एकत्र हिशेब उत्पादकाने करून तपासलेला असतो. त्यातली एकच बाजू बदलली तर काय होते, ते आपण वर पाहिले.

शेवटी मुलांसाठी एक उदाहरण. याच गाडीला ३५ ऐवजी ३१ इंचांची चाके बसवली, तर गोळा किती वर जाईल? थांबवणारे बल किती टक्के उरेल? ॲक्सलचा गिअर किती लागेल? (उत्तरे: दीड इंच, सुमारे ९० टक्के, ४.५४, बाजारात ४.५६ मिळतो.) ही उत्तरे ३५ इंचांच्या उत्तरांशेजारी लिहायला सांगा आणि मग विचारा, "तुम्ही कोणते चाक घ्याल, आणि का?"